आधी काढलेल्या पोळ्या

कॅम्प नं. ३, उल्हासनगर
रविवार, १९ एप्रिल २०२६

प्रिय हिरामणदादा,

नमस्कार लिहू की आमच्या चर्चमधला सलाम, यातच दोन कागद फाडले. दोन्ही सोडते आणि सरळ विचारते, बरा आहेस ना? गुडघा दुखायचा तो आता कसा आहे? वहिनीचं काय चाललंय?

आम्ही ठीक. तुझे भावोजी कामावर जातात, हात लावत नाहीत बाटलीला, सहा वर्षं झाली. मी अजून जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. मध्यंतरी सेठने मोठ्या कंपनीची खोटी लेबलं शिवायला दिली, मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता घरी बसवणार. तर हसला, म्हणाला, "राजाबाई, आप तो बहुत पक्की हो." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी दोन दिवस हवेत होते.

गेल्या आठवड्यात तुझी तेजल भेटली, इथे बाजारात. स्वतःच्या लग्नाचे कपडे घ्यायला आली होती. मला बघून रस्त्यातच मिठी मारली पोरीने. केवढी झाली रे! हळद पंधरा मेला आहे म्हणाली. "आत्या, तू येशील ना?" मी म्हटलं, बाबाने बोलावलं तर.

दादा, मला यायचंय. आपल्या चिखलोलीहून येणाऱ्या रिक्षेतून कुणी उतरलं की मी अजून बघते, आपल्यातलं कोण आहे का.

होळीच्या त्या दिवसाबद्दल तीन वर्षांत मी कुणाशी खरं बोलले नाही. तू पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आलास तेव्हा माझ्या घरात प्रार्थनेची बैठक होती. आमच्या चर्चमधल्या करिष्माताई आणि चौघी-पाचजणी बसल्या होत्या. "आम्ही मूर्तीला दाखवलेलं खात नाही," असं मी तुला दारातच म्हटलं आणि डबा तुझ्या हातात परत दिला. तू पाणीसुद्धा न पिता जिना उतरलास. मग माझा नंबर ब्लॉक केलास.

मी सगळ्यांना सांगितलं, विश्वासासाठी भावाला मुकले. बायकांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर माझ्या विश्वासाची साक्ष दिली, कौतुक केलं.

तेजलने परवा बाजारात विचारलं, "आत्या, तू पोळ्या परत का दिल्यास? तुझ्या तर आधीच काढलेल्या. पप्पा दरवर्षी मम्मीला बोलायचे, राजीच्या आधी काढ, मग नैवेद्य दाखव. तिला चालत नाय."

तू सांगितलं का नाहीस रे?

पण सांगायला मी जागाच कुठे ठेवली होती! मी तुला विचारलं नाही. आणि खरं ते आता लिहिते. हळू बोलले असते तरी चाललं असतं, तू हातभर अंतरावर उभा होतास. मी आवाज चढवला तो आतल्या बायकांना ऐकू जावा म्हणून. त्यात देव कुठेच नव्हता, दादा. मला पक्की दिसायचं होतं.

आज उपासनेत पास्टरांनी सांगितलं, पवित्र म्हणजे देवासाठी बाजूला काढलेलं. सगळे आमेन म्हणाले. मला मात्र वहिनी दिसली, चुलीपाशी बसून नैवेद्याआधी माझ्या पोळ्या निराळ्या ठेवणारी. मी बाहेर येऊन पायरीवर रडले.

आले तर पूजेला बसणार नाही आणि प्रसाद घेणार नाही, हे आधीच सांगते. प्रभूला मी सोडणार नाही. तेजलला मात्र पोटाशी धरीन आणि तू म्हणशील त्या कोपऱ्यात बसेन.

देवाकडे मी माफी मागितली आणि त्याने दिली, एवढा माझा विश्वास आहे. पण तो डबा तुझ्या घरचा होता. तुझी माफी त्याच्याकडून कशी मागू? ती तुझ्याकडेच मागते.

तुझी धाकटी, तुझ्या दाराबाहेर उभी,
राजी