सेनापती रोदानची भूमिका पुनमला देण्याबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणार ज्योतीराम भिवा ढगे, वय चोवीस, धंदा सध्या चाकणला एका कारखान्यात फिटर (आधीचे पाच धंदे लिहीत नाही, जागा पुरणार नाही), राहणार काळेवाडी, मूळ तालुका भूम. माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं सांगता येत नाही, म्हणून तर लिहितोय. गुरुवारी पिंपरीत माझ्या हृदयाचं छिद्र बुजवणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजी नको, बहुतेक सगळे चालत घरी जातात." ते 'बहुतेक' ऐकून कागद आणला. कुणाचा दबाव नाही, नशापाणी नाही.

कलम १. बँकेत जे असेल ते आईचं, सोजराबाईचं. त्यातून तिने आधी गुडघे दाखवून घ्यावेत.

कलम २. मोटारसायकल धाकट्या प्रज्वलला. ती गोव्याला दोनदा गेलीय. तिसऱ्यांदा कराडात रुसली, तर मी तिथेच चार महिने रसवंतीवर काम केलं. घरी 'ट्रेनिंग' सांगितलं होतं. आता कळेल.

कलम ३. पान्यांचा संच घरमालक चिमाजीकाकांना. त्यांचा नळ मी तीनदा दुरुस्त केला, तिन्ही वेळा म्हणाले, "आधीच बरा होता." आता स्वतः करा.

कलम ४. नाटक. आमच्या कामगार मंडळाचा प्रयोग रविवारी स्पर्धेत आहे. मूळ नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. मराठी केलं आणि बसवलं निरंजनभाऊंनी, जे कंपनीत क्वालिटीला आहेत. मी त्यात सेनापती रोदान. पहिल्याच अंकात त्याला बायकोचं पत्र येतं : मेजवानीला जाऊ नका, घात आहे. पण 'लढाई जिंकेपर्यंत घरचं पत्र उघडणार नाही' अशी शपथ घेऊन हा ते चिलखतात ठेवतो आणि पाचव्या अंकात मेजवानीत मरतो.

का मेला, यावर तालमीत भांडण. कारखान्यात पार्ट रिजेक्ट झाल्यावर मूळ कारण शोधायला करतात तसं निरंजनभाऊंनी फळ्यावर पाच वेळा 'का' लिहिलं आणि शेवटचं उत्तर काढलं : नशीब.

मी म्हणालो, "भाऊ, कंपनीच्या रिपोर्टवर कुणी नशीब लिहिलं तर सही कराल?"

"ही शोकांतिका आहे, ज्योत्या."

"पत्र खिशात आहे राव! माणूसच आडमुठा."

"मग आडमुठ्यासाठी कोण रडेल?"

मी चिडून चहाला गेलो.

उत्तर पुनममुळे मिळालं. ती वायरिंगच्या लाइनवर असते. नाटकात प्रॉम्प्टिंग आणि सामान तिच्याकडे. पत्र म्हणून मी तीन आठवडे माझ्या बॅगेतलं एक बंद पाकीट वापरत होतो, तपासणीनंतर दवाखान्यातून मिळालेलं. उघडायचं राहून गेलं होतं. (खरं लिहायचं तर राहून गेलं नव्हतं. जिने चढताना दम लागायचा, म्हणूनच उघडत नव्हतो.) आत नाटकातलं पत्र लिहून घालावं म्हणून पुनमने ते फोडलं, वाचलं आणि भर तालमीत ओरडली, "ए सेनापती, चिलखत उतरव. दवाखान्यात चल."

तर निरंजनभाऊ, रोदान आडमुठा नाही, घाबरलाय. शपथ हा नुसता बहाणा. आणि घाबरलेल्यासाठी लोक रडतात, मी रिक्षात बसून स्वतःच रडलोय. नशीब म्हणाल तर एवढंच, की त्याच्या छावणीत कुणी पुनम नव्हती.

कलम ५. म्हणून रोदानची भूमिका मी पुनमला देतो. हे कलम मी जगलो तरी लागू, कारण रविवारी मी पलंगावरच असणार. निरंजनभाऊ म्हणतात, "बाई सेनापती? लोक हसतील. त्यापेक्षा प्रयोग रद्द करू." भाऊ, तिला सगळे संवाद पाठ आहेत, मला कधीच नव्हते. मिशी लावा, नका लावू. फक्त पत्र घेताना हात थरथरला पाहिजे. तीन महिन्यांची तालीम माझ्या छातीपायी वाया गेली, तर जिवंत असो वा नसो, मी तुम्हाला सोडणार नाही.

भूमिका माझ्या मालकीची नाही हे मला कळतं. पुनमला मिळायचंय म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. काकांची घेतली, त्यांना पाने नकोच आहेत.

लिहून देणार : ज्योतीराम भिवा ढगे
काळेवाडी, सोमवार, ८ डिसेंबर २०२५

साक्षीदार १ : चिमाजी नढे

साक्षीदार २ : निरंजन मुंगसे. सही साक्षीपुरती. कलम ५ बाबत : सही करण्याआधी पुनमला सहाच्या तालमीत उभं केलं. पत्राच्या प्रसंगात कुणीही हसलं नाही. रविवारी प्रयोग होतोय. तू गुरुवारी उपाशीपोटी, वेळेवर जा.