पुण्याचं आवतन

जळगाव, गुरुवार

केळीचे वेफर्स पाडायचं यंत्र (हे तिसरं, पहिल्या दोहोंत बोटांची खैर नव्हती, म्हणून मीच मोडली), वहिनींना दिलेला वाळ्याचा कूलर, असोद्याच्या मळ्यातलं ठिबकचं गाळणं, सुलक्षणाचा पाळणा, आणि ज्यावर हे पत्र लिहितोय ते टेबल (हलत नाही) हे सगळं कुणी न शिकवता ज्या दोन हातांनी केलं, तेच हात जोडून तीर्थरूप नानांना धाकट्या भावाचा, लोटनचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा गुडघ्यालाच बांधता ना? मागच्या खेपेला तो खिडकीच्या झडपेला बांधलेला पाहिला होता.

इकडे मी वैतागलोय. पुण्याच्या एका व्यवस्थापन संस्थेत उद्योजकांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, पदवीची अट नाही, अनुभव चालतो, आणि मी अर्ज केलाय, हे तुम्हाला दिवाळीत सांगितलंच होतं (तेव्हा तुम्ही झोपला नव्हतात, नुसते डोळे मिटले होते, असं वहिनी म्हणाल्या). ज्यांचा अर्ज पसंत पडेल त्यांना मुलाखतीचं बोलावणं ई-मेलनं जाणार. त्याला आता संक्रांत उलटून गेली. शेजारचा स्वप्नील, ज्याला सायकलची साखळी चढवता येत नाही, त्यानं दुसऱ्या एका कॉलेजात अर्ज केला तर त्याला पंधरवड्यात बोलावणं आलं. त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. बोलावण्याचे पेढे! प्रवेश मिळाला तर ही बाई बहुतेक गावजेवण घालेल. आणि हा पोरगा रोज गेटावर गाडी थांबवून विचारतो, "काका, आलं का?" मी म्हणतो, येईल. आमची लताबाई आतून ओरडते, "पन्नास वरीसना व्हयनात, नि आते शाळा सुचनी यास्ले!"

संस्थेत फोन केला तर एक मॅडम गोड आवाजात सांगतात, आपला अर्ज प्रक्रियेत आहे. प्रक्रिया म्हणजे कुठे? माझ्या यंत्रात केळं टाकलं की ते या क्षणी कुठल्या पात्यापाशी आहे हे मी डोळे मिटून सांगतो, आणि यांना एक अर्ज सापडत नाही. त्यांच्या माहितीपत्रकातल्या यंत्राच्या चित्रात पट्टा उलटा फिरताना दाखवलाय, तेही मी त्यांना कळवलं. (सुलक्षणा म्हणते, बाबा, त्यामुळेच बोलावत नसतील. मी म्हणतो, चूक दाखवली म्हणून जो राग धरतो तो शिकवणार काय?) शेवटी मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही ई-मेल बघत राहा. मी म्हटलं, मी बघणारा कोण, ज्यांनी बघायचं ते बघतील. यावर त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? आपल्या घरात आवतन वडील माणसाच्या नावानं येतं, धाकट्यानं परस्पर घेऊ नये, ही आपल्या आबांची शिस्त मी आजवर मोडली नाही. (फैजपूरच्या लग्नाचं आवतन असंच धुळ्याला तुमच्याकडे आलं आणि आम्हाला कळलं तेव्हा नवरी सासरी नांदायला लागली होती. त्याबद्दल मी कधी शब्द काढला नाही. आताही काढत नाही.)

संध्याकाळच्या धुळे गाडीच्या कंडक्टरकडे हे पत्र आणि असोद्याची भरताची वांगी देतोय. वांगी कापसाच्या काड्यांवरच भाजा. गॅसवर भाजून वर मसाला घालणं म्हणजे वांग्याला दोनदा मारणं.

तुमचा धाकटा,
लोटन

ता. क. वांगी मागाहून भाजा असं मी म्हणणार नाही, पण पत्र आधी वाचा. अर्जात ई-मेलच्या रकान्यात मी अर्थातच तुमचा पत्ता दिलाय. आज मॅडमचाच फोन आला. बोलावणं दहा दिवसांपूर्वी गेलंय, मुलाखत शनिवारी आहे, आणि येतो की नाही ते उद्या संध्याकाळपर्यंत त्याच पत्त्यावरून कळवलं नाही तर नाव कटणार. नाना, तो ई-मेल उघडा. पासवर्ड विसरला असाल तर तो वहिनींचं माहेरचं नाव आणि लग्नाचं साल असा आहे, तुम्हीच मला सांगितला होता. "येतो" एवढंच लिहा. यंत्राबद्दल स्वतःचं काही घालू नका.

आणखी एक. फोनवर हे बोललो असतो, पण तुमचा फोन वहिनी उचलतात, आणि मग निम्म्या धुळ्याला कळतं. शिवाय थोरल्या भावाला "तुम्ही बघितलं का" असं तोंडावर विचारवत नाही.

शेवटचं, आणि हे वाचून पत्र चुलीत घाला. या वयात शाळा कशाला, असं तुम्ही विचाराल. दसऱ्याला मुंबईच्या एका कंपनीची दोन पोरं आली होती. यंत्र त्यांना द्यायचं, नकाशे द्यायचे, नावही त्यांचं लागणार. भिंतीवर चित्रं पाडून तासभर बोलले, मग चौदा पानांचा कागद पुढे सरकवला. मी काय विकतोय ते त्यांना कळत होतं आणि मला नाही. जे मला उलगडून पुन्हा जोडता येत नाही त्याच्यावर मी सही करत नाही. ती पोरं पुन्हा येतील, तेव्हा मला तो कागद वाचता आला पाहिजे. लताबाईला मी सांगितलंय की कूलरचं गिऱ्हाईक होतं. त्या पोरांना नाही म्हटलं. बावीस लाख देत होते.