सहा खोल्या, एक मीटर

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त मीटर रीडर, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडले आहे. त्यात खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेही नव्हते.

कलम एक. हे दुमजली घर, म्हणजे सहा भाड्याच्या खोल्या आणि मी राहतो ती सातवी, माझ्या पश्चात माझ्या मुलास मिळावे. मुलगा परगावी असतो आणि दर फोनला विचारतो, "बाबा, भाडं कधी वाढवताय?" त्याच्यासाठी दोन शब्द. भाड्यासाठी घर घेणारे लोक किंमत विचारतात, भाडे विचारतात आणि विजेचे विचारायचे विसरतात. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, रिकाम्या खोलीवरही लागणारा स्थिर आकार, हे सगळे शेवटी मालकाच्या बोडक्यावर. एकतीस वर्षे लोकांच्या दारात वाकून मीटर वाचल्यामुळे मी ते विसरलो नाही, उलट फारच लक्षात ठेवले. सहा जोडण्या म्हणजे सहा अनामती, म्हणून मी सगळ्या घराला एकच मीटर घेतले आणि खोल्यांत भंगारातून आणलेली सब-मीटर बसवली. तारा जुन्याच ठेवल्या. त्या दोन दिवे आणि एका पंख्यासाठी घातलेल्या होत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसे माझे झाले.

कलम दोन. फ्यूजपेटी, तिची किल्ली, माझी पक्कड, टेस्टर आणि शिडी धाकट्या भावाला द्यावी. तो वायरमन आहे आणि नऊ वर्षे माझ्याशी बोललेला नाही. चूक त्याची नाही. भाडेकरूंनी गीझर आणले, इस्त्र्या आणल्या, आणि रोज संध्याकाळी फ्यूज उडू लागला. मी रोज स्टुलावर चढायचो. भावाला बोलावले तर तो म्हणाला, "दादा, फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. तारा बदल सगळ्या." त्याने खर्चाचा आकडा सांगितला. मी म्हणालो, "सख्ख्या भावाकडूनही कमावणार का तू?" तो गेल्यावर मी फ्यूजमध्ये जाड तार घातली, तीही दुहेरी. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही. भाडेकरू म्हणाले, आजोबांच्या हाताला गुण आहे. ते ऐकून मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो.

कलम तीन. माझ्या शिलकीतून आधी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या बायकोला तिची अनामत दामदुपटीने परत करावी. नऊ वर्षांपूर्वी तो विजेच्या धक्क्याने, इस्त्री हातात धरूनच गेला. इस्त्रीची वायर आतून जळून लोखंडाला टेकली होती. फ्यूजमध्ये नेहमीची बारीक तार असती तर ती तेव्हाच तुटली असती आणि तो हात झटकून, मला चार शिव्या देऊन पुन्हा कामाला लागला असता. तपासणीला लोक यायच्या आत मी जाड तार काढून बारीक घातली. त्यांनी पेटी पाहिली, मान डोलावली, कागदावर मृत्यूचे कारण हृदयविकार असे लिहिले गेले. चौथ्या दिवशी भाऊ भेटायला आला. त्याने पेटी उघडली. सगळीकडे धूळ आणि मधे ती चकचकीत तार. "दादा, ही तार आत्ताची आहे," एवढेच तो बोलला आणि चहा न घेता निघून गेला. पुढच्या आठवड्यात फ्यूज पुन्हा उडू लागला. मी पुन्हा जाड तार घातली. त्या बाईच्या अनामतीतून शेवटच्या महिन्याचे वीजबिलही मीच कापून घेतले.

कलम चार. भावाने सगळ्या तारा बदलून तसे लिहून दिल्याशिवाय घराचा ताबा मुलाला मिळू नये. उरलेली सर्व शिल्लक या कामासाठी आहे. तोवर एकाही खोलीत नवीन उपकरण लावू देऊ नये. जिन्यातली भिंत यंदा हाताला कोमट लागते. मांजर तिला पाठ लावून झोपते आणि भाडेकरू कौतुकाने बघतात. परवापासून तिथे जळक्या रबराचा वास येतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू शिंप्याला वाटते, शेजारी कोणी कचरा पेटवतो.

वाचणारा विचारेल, मग आजच का नाही? भिंत फोडायला जो येईल तो आधी पेटी उघडेल. तार कधीपासून आहे ते या धंद्यातल्या माणसाला विचारावे लागत नाही. मी मेल्यावर मला जे म्हणायचे ते म्हणा. जिवंतपणी ऐकायची माझ्यात धमक नाही. मी भित्रा माणूस आहे.

कलम पाच. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाला, म्हणून साक्षीला घेतलेल्या दोन्ही भाडेकरूंना मी काही दिलेले नाही.

सही: घरमालक
ठिकाण: राहते घर, तळमजला
दिनांक: अकरा जानेवारी

साक्षीदार पहिला: शिंपी, पहिला मजला. मालकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: नर्स, पहिला मजला, जिन्यालगतची खोली. सही माझ्यासमोर झाली. वरचा मजकूर आजोबांनी तळहाताने झाकला होता, तो मी वाचलेला नाही.

सह्या झाल्यावर जोडलेला मजकूर, त्याच दिवशी, माझ्याच हातचा:

पेनाचे टोपण लावता लावता नर्स म्हणाली, "आजोबा, रविवारी आईला घेऊन येतेय. तिला थंडी अजिबात सोसत नाही हो, म्हणून मोठा हिटर घेतलाय. रात्रभर चालू ठेवला तर चालेल ना?"

मृत्युपत्र माझ्या हाताखालीच होते. शिंपी दारात उभा होता.

मी म्हणालो, "चालेल की."