रत्नागिरीचा दिवा

खापरखेडा,
९ जानेवारी २०२६

चि. दामिनीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे सुखरूप परतलो. तुझ्या बाबांची मिरची तोडणीला आली असेल. वाळली की थोडी पाठव, तुझ्या सासूबाईंना भिवापुरीशिवाय चालत नाही. माझे गुडघे रत्नागिरीच्या दीपगृहाच्या जिन्याने पार कामातून गेले. जन्मभर पॉवर स्टेशनच्या शिड्या चढलो, आणि तिथे ही म्हातारी माझ्यापुढे!

दीपगृह इंग्रजांच्या वेळचं आहे. आता संध्याकाळी लोक तिकीट काढून वर जातात, सेल्फी घेतात, खाली येऊन भेळ खातात. आम्हीही खाल्ली.

तिथे कशाला गेलो, असं तू फोनवर विचारलंस. पियुषने जहाजावरून शेवटचा फोन केला तेव्हा तो म्हणाला होता, "आई, रत्नागिरीचा दिवा दिसून राहिला." दुसऱ्या सकाळी तो जहाजावर नव्हता, शोधूनही सापडला नाही. तेव्हापासून हिच्या मनात तो दिवा बसला. आपल्या इथे पॉवर स्टेशनच्या चिमणीचे लाल दिवे दिसले की बसमधली पोरं "घर आलं" म्हणून ओरडतात ना, तसंच तिला वाटलं. दिवा आहे तोवर पोरगं त्याच्या अंदाजाने येईल. मलाही तसंच वाटायचं.

वर तिने तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "भाऊ, हा दिवा पाहून जहाजं इकडे येतेत ना?"

"नाही आजी. इथे खडक आहेत. लांब राहा, असं सांगायला हा दिवा."

ती कठडा धरून उभी राहिली. समुद्र तिने पहिल्यांदाच पाहिला. "एवढं पाणी असते का वो? मले वाटलं, पेंचच्या धरणाएवढं असन."

परतीच्या गाडीत भुसावळ गेलं. मग म्हणाली, "दामिनीले सांगा, पळसाच्या पानाचा पुतळा करून त्याचा अंत्यविधी करून टाकू. पोरीले किती बसवून ठेवाचं? फक्त पुतळ्यावर त्याचा शर्ट नका टाकू. तो मले राहू द्या."

तेव्हा तू इतके दिवस जे मागत होतीस, त्याला आमचा होकार आहे. विधीनंतर तुझ्या बाबांनी पाहिलेल्या स्थळाचा मोकळ्या मनाने विचार कर. मला फार वाईट वाटतंय, ते लपवत नाही. पियुष येणार नाही, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

गुरुजींना विचारून दिवस तूच ठरव. मी कॅलेंडर घेऊन बसलो होतो. ज्या तारखेवर बोट ठेवलं, तिथे वाटलं, नेमका त्याच दिवशी त्याचा फोन आला तर?

तुझे,
पियुषचे बाबा