मी ओतलेला पाऊस

प्रिय शहाण्या,

तू पाठवलेलं हवामानयंत्र गच्चीवर उभं करून आता दोन महिने होत आले. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, म्हणून शिलाई मशीन बंद केल्यावर तू बापाला वाऱ्याची मापं घ्यायला बसवलंस. कल्पना चांगलीच होती, मी नाव ठेवत नाही. प्लंबरकडून पाइप आणला, त्यावर यंत्र घट्ट बसवलं, पाऊस मोजायचं नरसाळं एका पातळीत यावं म्हणून अर्धा दिवस झटापट केली, बाण उत्तरेकडे केला. वायर नाही, काही नाही, तरी खाली खोलीतल्या पडद्यावर आकडे उमटले. तेच आकडे तुझ्या मोबाइलवरही दिसतात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. किती खुळा मी.

पहिल्याच आठवड्यात माझं चुकलं. शेजाऱ्यांच्या एसीची गरम हवा जिथे फेकली जाते, नेमकं तिथेच मी यंत्र बांधलं होतं. तुला सकाळी सकाळी सत्तेचाळीस डिग्री दिसले आणि तू कामावरून फोन केलास. "बाबा, घराला आग लागलीय का?" आपण दोघं पोट धरून हसलो. तुझी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसलो बहुतेक. दुसऱ्या दिवशी मी यंत्र पलीकडच्या कोपऱ्यात हलवलं आणि आकडे सुतासारखे सरळ आले.

खरं सांगू, आई होती तेव्हा सगळ्या गप्पा तीच मारायची आणि शेवटी फोन माझ्या हातात कोंबायची. मग तू विचारायचास, तिकडे पाऊस आहे का, आणि मी सांगायचो, आहे किंवा नाही. ती गेल्यावर आपल्याकडे बोलायला तेवढंच उरलं. पण दर रविवारी तेवढं तरी होतं. त्या पाच मिनिटांसाठी मी शनिवारपासून आभाळाकडे बघत बसायचो, सांगायला काहीतरी हवं म्हणून. आता तुला विचारायचं कारणच राहिलं नाही. आकडे बरोबर यायला लागले तेव्हापासून सहा रविवार गेले, तुझा फोन नाही. मी केला तर 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा मेसेज येतो, आणि ते नंतर काही उगवत नाही. मी रागावलेलो नाही. मीही माझ्या बापाशी असाच वागलो, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलू?

पत्राचं कारण वेगळंच आहे. तुझ्या मोबाइलवर मंगळवार ते गुरुवार इकडे अतिवृष्टी दिसेल, तीन दिवसांत सहाशे मिलिमीटर. तो पाऊस खोटा आहे. गुडघे धरत जिना चढून मीच रोज मगाने नरसाळ्यात पाणी ओतत होतो. एवढ्या पावसात निदान बाप बुडाला की तरला ते विचारशील, असं वाटलं. तीन दिवस फोन हातातून खाली ठेवला नाही, आंघोळीला जातानाही दाराशी स्टुलावर ठेवला. तू आकडे बघतच नाहीस, की बघूनही फोन केला नाहीस, हे मला माहीत नाही. मी फोन केला असता तर हा प्रश्न तोंडातून निसटला असता, म्हणून पत्र लिहिलं. दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला ऐकायचं नाही.

तरीही तुझाच,
बाबा