शुक्रवारी दुपारी बारापर्यंत

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहायचं कधी सुचलं नाही, आणि आज सुचलंय ते काही चांगल्या कारणाने नाही. आठ दिवसांच्या रजेवर श्रीवर्धनला आलेय. दुपारी जेवून पडवीत बसलेय, समोर आपली सुपारीची वाडी. तुमच्या हातची झाडं तिच्यात नाहीत. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी वादळ आलं आणि एका दिवसात सगळी आडवी झाली. दादाने पुन्हा लावली, एकेका रोपाला झावळ्यांची सावली करून वाढवली, आणि यंदा पहिल्यांदा त्यांना सुपारी धरलीय. येईल त्याला हाताला धरून नेतो आणि घोस दाखवतो. मलाही दाखवले. मी छान आहेत म्हटलं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मी काय काम करते ते तुम्हाला कधी कळलं नाही. लेक परीक्षा पास झाली तेवढं तुम्ही पाहिलंत. मी परदेशातल्या आपल्या वकिलातीत अर्थतज्ज्ञ आहे. त्या देशात काय पिकतं, काय स्वस्त आहे, कारखाने चालतात की बसलेत, हे बघायचं आणि दिल्लीला कळवायचं. ऐकायला थाटाचं वाटतं. निम्मा वेळ जेवणावळींत उगाच हसण्यात जातो. यंदा मात्र दोन देशांत व्यापाराचा करार होतोय. अशा करारात एक यादी असते, ज्या मालावरचं आयातशुल्क कमी करायचं नाही त्याची. सुपारी त्या यादीत होती. समोरच्यांनी ती काढायला सांगितली, म्हणजे त्यांची सुपारी इकडे स्वस्तात येणार, बदल्यात ते आपली औषधं घेणार. मी त्यांची गोदामं पाहिलीत, अण्णा. छपरापर्यंत पोती. एक सुपारी अडकित्त्याने कातरून पाहिली. आपल्या रोठा सुपारीची सर तिला नाही, पण वाईटही नाही. भाव इतका कमी की मी तो पुन्हा विचारला. तोच होता.

आमच्याकडे पद्धत अशी की मसुदा सगळ्या संबंधितांकडे जातो, आणि खाली लिहिलेलं असतं, अमुक वेळेपर्यंत हरकत न आल्यास मान्य आहे असे समजण्यात येईल. कुणाला हो म्हणावं लागत नाही. नुसतं गप्प बसायचं. सुपारी वगळलेली यादी रजेच्या आधी एका सोमवारी आली, मुदत त्याच शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. मी हरकत लिहून ठेवली होती. कोकणातल्या वाड्या वादळानंतर आत्ता कुठे उभ्या राहतायत, झाड धरायला वर्षानुवर्षं लागतात, एवढंच, दोन परिच्छेद. वाचून पाहिलं तर त्यात मला आपलंच अंगण दिसायला लागलं, आणि लगेच तुम्ही आठवलात.

सुपारी सोसायटीच्या वजनकाट्यावर तुम्ही मालाच्या प्रतवारीला बसलेले असता. मी आठ-नऊ वर्षांची. आपल्या घरची पोती येतात, आणि मी गुपचूप दोन ओंजळी भेगाळलेली सुपारी चांगल्या ढिगात सारते. तुमच्या नजरेतून काय सुटणार? सगळ्यांदेखत मला ती एकेक करून परत वेचायला लावता. मग उठता, पंचा झटकता, आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "हा माल माझा हाय. दुसरं कुनीतरी बसा काट्यावर." घरी येताना मी मुसमुसत होते. तुम्ही म्हणालात, "आपला माल आला का आपन उठायचं, बाय. लोकांनी उठवायची वाट न्हाय बघायची."

त्या शुक्रवारी मी तेच केलं, असं मी स्वतःला समजावलं. हरकत पाठवली नाही. बारा वाजले, एक वाजला, चहा आला. दुसऱ्याही कुणी हरकत घेतली नव्हती. तुम्ही उठलात की तुमच्या जागी कुणीतरी बसायचं. मी उठले तेव्हा काटा रिकामाच राहिला, आणि माल तसाच पुढे गेला.

पुढच्या महिन्यात सह्या होतील. मग ती पोती उरणकडच्या बंदरात उतरतील, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. इथे कुणाला याची गंधवार्ता नाही आणि मला सांगायची परवानगी नाही. काल दादाबरोबर सोसायटीत गेले तर पिकल्या केसांची माणसं खुर्ची सोडून उठली माझ्यासाठी. एकाने विचारलं, "बाहेरची सुपारी येनार असं कायतरी आयकतो. खरं हाय का?" मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "आपली पोर बसलीय ना तिथं! ती बघंल." सगळे निर्धास्त हसले. परत येताना दादाने मागच्या पडीक तुकड्यात आणखी रोपं लावायचा विषय काढला. "लावू ना गं?" म्हणाला. मी म्हटलं, "लाव."

आणि एक सांगायचं राहिलंय. तुम्ही माल आपला आहे हे ओरडून सांगायचात. मी वकिलातीत कुणालाही सांगितलं नाही की माझ्या घरची वाडी आहे. सांगितलं असतं तर साहेबांनी ते काम दुसऱ्याकडे दिलं असतं, आणि त्याने कदाचित हरकत घेतलीही असती. पण हा करार म्हणजे साहेबांचा जीव की प्राण, आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या पुढच्या चांगल्या नेमणुकीसाठी शब्द टाकतो म्हटलं होतं. मला त्यात विघ्न नको होतं. तुमचं नाव मी मागाहून पुढे केलं, लाज वाटू नये म्हणून.

दादा मागून हाका मारतोय. रोपं आलीत, पहिलं माझ्या हातून लावायचं म्हणतोय. जाते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहून झालं. आज या पडवीत बसून तुम्ही मला "लावू का, बाय?" असं विचारलं असतंत, तर तुम्हालाही मी "लावा" असंच म्हटलं असतं.