शेवटच्याचं जॅकेट

पनवेल, ७ जानेवारी

ती. कमळाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन बंद करून कपाटात टाकलाय, म्हणून हा कागद. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हाही माझ्याशी नीट बोललेली तू एकटीच, म्हणून तुलाच लिहितोय.

दर रविवारी आम्ही सगळे सायकली घेऊन निघतो, ते तुला माहीत आहे. चकाकती जॅकेटं, घंट्यांचा गोंगाट. सायकलवालाही रस्त्यावर आहे, तो दिसू द्या, त्याला जागा द्या, एवढंच सांगायचं असतं. हे सगळं रेवा चालवते. हो, तीच. हसू नकोस. परवा करंजाड्याचा चौक ओलांडल्यावर न्हावा शेवाकडे जाणारा एक ट्रेलर तिला इतका घासून गेला की तिची सायकल मातीत उतरली. माझं डोकंच फिरलं. पुढच्या सिग्नलला त्याला गाठला, केबिनवर चढलो, ड्रायव्हरची कॉलर धरली आणि आरसा फोडला. कुणीतरी व्हिडिओ काढला. आता अख्खं गाव म्हणतंय, सायकलवाल्यांची दादागिरी बघा. बाबा जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. रेवा बोलत नाही. तिच्यासाठीच केलं ना मी?

तू तरी माझ्या बाजूची राहा.

तुझा,
निकेश


मोरा, १२ जानेवारी

चि. निकेशास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या डोक्यासारखंच हाय, निम्मं वर, निम्मं खाली. तुझा व्हिडिओ आमच्या जेट्टीवर लाँचची वाट बघतानासुद्धा बघतात. सोनाबाईच्या सुनेनं मला परत परत दाखवला आणि दर वेळी विचारलं की हा तुमचाच ना. हो म्हटलं. नाय कसं म्हणणार, नाक आमच्या घरचं हाय.

पण पोरा, एक मला कळत नाय. केबिनवर चढलास तेव्हा तुझी पाठ दिसते. जॅकेटवर मोठ्या अक्षरात लिवलंय, शेवटचा. गणपतीत आलास तेव्हा तूच मोठ्या तोऱ्यात सांगत होतास की हे जॅकेट ज्याच्या अंगावर, त्यानं सगळ्यांच्या मागं राहायचं, सगळ्यात हळू माणसाला टाकून पुढं जायचं नाय. मग शेवटचा तिथं पुढं काय करत होता? आणि तुझ्यासमोर जो हळूहळू चालला होता, तो कुठं राहिला? सगळं लिवलंस, तो माणूस लिवला नाय. तो लिव. मग बघू आमी कुणाच्या बाजूचे ते.

सुक्या मासळीतल्या वाकट्या पाठवल्यात. रुसून उपाशी राहू नको. माया हाय ती हायच, खरं लिवलंस तर अजून वाढेल.

तुझी आत्या,
कमळा


पनवेल, १६ जानेवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

सगळ्यांनी आरसा फुटताना पाहिला. पाठ फक्त तू वाचलीस.

माझ्यासमोर सुनीताकाकू होत्या. रेवाची आई. लग्नानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसलेल्या. निघताना रेवाने ते जॅकेट स्वतः माझ्या अंगावर चढवलं आणि म्हणाली की आईला तुझ्या भरवशावर सोडतेय. तेवढ्यावर मी हवेत. काकू वाटभर माझी फिरकी घेत होत्या, की बिचाऱ्याला म्हातारीच्या मागे जुंपला आणि पोरी गेल्या पुढे.

चौकात आमच्यातला सत्यजीत हात वर करून आडव्या गाड्या थांबवून उभा होता. आमचा नियम सोपा आहे. शेवटच्याचं जॅकेट चौकापार गेलं की हात खाली. चौकापलीकडे ट्रेलरने रेवाला दाबलेलं मला दिसलं आणि मी काकूंना मागे टाकून सुटलो. सत्यजीतला जॅकेट गेलेलं दिसलं. त्याने हात खाली घेतला. गाड्या सुटल्या आणि काकू मधोमध सापडल्या. रिक्षाचा धक्का लागून पडल्या, मनगट मोडलं. तेव्हा मी आरसा फोडत होतो. आणि रेवा? ती कपडे झटकून उभी होती, तिला खरचटलंही नव्हतं.

याहून वाईट सांगू? सत्यजीत सगळ्यांना सांगतोय की चूक त्याची, त्याने नीट बघायला हवं होतं. आणि मी ते ऐकून घेतोय. आत्या, आरशाची लाज वाटते, पण ही लाज घशाखाली उतरतच नाही.

आता लोभ ठेव असं म्हणायलाही तोंड नाही.

निकेश


मोरा, २० जानेवारी

चि. निकेशास,
अ. उ. आ.

आता कसं माणसासारखं लिवलंस. आधी सत्यजीतचं नाव मोकळं कर, सगळ्यांसमोर. एकट्याला गाठून कानात नको. मग त्या बाईकडं जा, पण पोरगी घरात नसताना जा. ती असली तर तू माफी आईची मागशील आणि डोळे पोरीकडं लावशील, मी ओळखते तुला. त्या ड्रायव्हरला आरसा बसवून दे. घासला त्यानं, चूक त्याची, पण कॉलर तुझी नव्हती.

मी तुझ्याच बाजूची हाय. म्हणूनच सांगते.

आत्या


पनवेल, २३ मार्च

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

सगळं केलं, तू सांगितलंस त्याच क्रमाने. सगळ्यांसमोर बोललो तेव्हा सत्यजीत मान खाली घालून उभा होता, जणू लाज त्यालाच वाटत होती. रेवाने ऐकून घेतलं आणि जॅकेटसाठी हात पुढे केला.

सुनीताकाकूंनी प्लास्टरच्या हाताने दार उघडलं. चहा मलाच करायला लावला, वर साखर जास्त झाली म्हणून बोलल्या. माफी मागितली, तर म्हणाल्या की तू मागे आहेस असं वाटलं, म्हणून मी एकदाही वळून बघितलं नाही. एवढंच. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज बऱ्याच दिवसांनी चौकात मला उभं केलं होतं. हात वर, आडव्या गाड्या थांबलेल्या. एका ट्रेलरवाल्याने मला ओळखलं आणि खिडकीतून ओरडला की आज कुणाचा आरसा रे, हिरो. त्याच्या मागचे गाडीवाले सगळे हसले. कान तापले, पण हात वरच ठेवला.

एकेक करत सगळे गेले. मग काकू आल्या, डुगडुगत, पण हसत. त्यांच्या मागे जॅकेट घातलेली रेवा. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचे डोळे आईच्या मागच्या चाकावर होते.

जॅकेट चौकापार गेलं. नियमाप्रमाणे हात खाली घ्यायचा. गाड्या हॉर्न मारत होत्या. मी आधी वळून मागचा रस्ता शेवटपर्यंत पाहिला. कुणी राहिलं नव्हतं. मग हात खाली घेतला.

तुझ्या मायेतला,
निकेश